मानस

आमच्या चोडणात मानस म्हणजे दार.
खाडी आणि खाजणाच्या मधलं लाकडी दार,
भरतीला आपोआप मिटणारं, ओहोटीला उघडणारं.
बाबा तिथं रात्री जाळं लावायचे.
म्हणून बांबोळीच्या इस्पितळात पाटी वाचली, मानसोपचार,
तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच:
म्हणजे सुतार लागणार.

इव्हेट मॅडम कोकणीत विचारतात.
त्यांच्या हातातला कागद इंग्रजीत.
मी उत्तरं जुळवतो प्राथमिक शाळेच्या मराठीत,
कारण मार सगळा कोकणीत खाल्ला,
आणि मराठीतून तो जरा लांबचा दिसतो,
रायबंदरच्या धक्क्यावरून चोडण दिसतं तसा:
हिरवा, सपाट, माणसं नसलेला.

वडील माया करायचे का?
कधीच नाही. कधीतरी. बऱ्याचदा. नेहमी.
चार चौकटी. एकीत खूण करा.

मॅडम, मानशीची पावणी हातची गेली त्या वर्षी
चुडताचा दांडा होता, ओला.
कोळंबी कमी आली की तोच.
जास्त आली तरी तोच, कारण मग दारू.
एकदा ताट आदळलं म्हणून.
एकदा आवाज न करता ठेवलं म्हणून,
"चोरासारखा वावरतोस घरात."
पंचांगातली भरती-ओहोटी मला पाढ्यांआधी पाठ होती.
ओहोटी रात्री असली की बाबा मानशीवर,
आणि तेवढे तास मी उताणा झोपायचो.

आई?
आई तेव्हा विहिरीवर असायची.
रात्रीचे दहा वाजले तरी विहिरीवर,
रहाट करकरत राहायचा.
भरलेली घागर ओतून ती पुन्हा भरायची
हे मला बाविसाव्या वर्षी कळलं.
नळ होता आमच्याकडे.

मग खोबरेल कोमट करून पाठीला लावायची.
मास्तरांनी विचारलं तर म्हण, बांधावरून पडलो.
त्या हाताइतकं मऊ
मला अजून कुठलंच काही लागलेलं नाही.
ही खूण कुठं करू?

आणि बाबांनीच पोहायला शिकवलं, मानशीपाशी,
हनुवटीखाली तळवा धरून.
"पाय मार. हांव आसां."
तळवा कधी काढला ते कळलंच नाही.
मी पलीकडे पोचलो होतो आणि ते
कमरेएवढ्या पाण्यात एकटेच टाळ्या वाजवत होते.

आता वेर्ण्याला असतो.
औषधांच्या कारखान्यात रात्रपाळी, पट्ट्या मोजायच्या.
खोलीवर आलो की बूट काढायला बसतो,
बसल्याजागी अकरा वाजतात.
रडू येत नाही. केस धुवायचे राहून जातात.
कुणी ताट आदळलं की मान खांद्यात शिरते.
ट्रेव्हर, माझ्या खोलीतला,
हल्ली ताटं वर्तमानपत्रावर ठेवतो.
मी त्याला कधी काही सांगितलेलं नाही.

दर शुक्रवारी बाबांचा डबा येतो,
फेरीवरच्या कुशाच्या हाती. कोळंबी.
एकेक सोललेली, पाठीतला काळा दोरा काढलेली,
मोतीबिंदू उतरलेल्या डोळ्यांनी.
मी झाकण उघडतो, लावतो.
ट्रेव्हर खातो. म्हणतो, नशीबवान आहेस, असा बाप.
मी हो म्हणतो.
खोटं नसतं ते. तीच तर अडचण आहे, मॅडम.

त्या म्हणतात, आज राहू दे, घाई नाही.
मी पेन परत देतो.
झोपेची गोळी अर्धी करून घ्यायची,
पंधरा दिवसांनी यायचं, बाहेर ऊन आहे, टोपी घाल,
असं त्या म्हणतात, आणि टोपीचं ऐकून
मला दारात दोन मिनिटं थांबावं लागतं.

शनिवारी फेरीनं जाईन म्हणतो.
बाबांना विचारायला नाही. किंवा माहीत नाही.
डबे परत द्यायला हवेत.
चार साठलेत खोलीवर.
दोन धुतलेत.
दोन व्हायचेत.